हृदयपंपाचा इतिहास आणि जीवनमानाचा प्रश्न

दुर्बल हृदयाच्या साहाय्यार्थ शरीरात यांत्रिक पंप बसविण्याच्या विद्येचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वस्तुतः तो मोजमापाचाही इतिहास आहे. रुग्ण किती दिवस जगला, याबरोबरच तो कसा जगला, हे विचारावयास शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ लागला.

१९६६ मध्ये ह्यूस्टन येथे मायकेल डिबेकी यांनी लावलेल्या साहाय्यक पंपावर एक रुग्ण दहा दिवस राहिली व पुढे बरी होऊन घरी गेली. १७ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपण केले. ते रोपण पंपाचे नव्हते, तथापि त्या काळच्या मोजमापाचे ते बोलके उदाहरण होय. रुग्ण तीन तासांच्या आत दगावला आणि इतिहासात नोंद राहिली ती तासांचीच. १९८२ मध्ये बार्नी क्लार्क यांना संपूर्ण कृत्रिम हृदय बसविण्यात आले. ते ११२ दिवस जगले. पण एका अवजड यंत्रास नळ्यांनी जखडलेले. असे जगणे कोणास हवे आहे, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १२९ रुग्ण होते. पंप बसविलेल्यांपैकी एक वर्षानंतर ५२ टक्के, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के जिवंत होते. पंपधारकांचे दैनंदिन जीवनही सुधारलेले आढळले. मात्र जंतुसंसर्ग, रक्तस्राव व यंत्रबिघाड यांचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते. पुढे सतत प्रवाहाचे, आकाराने लहान व टिकाऊ पंप आले. इंग्लंडमधील पीटर हॉटन यांना २००० मध्ये असा पंप बसविला गेला. ते २००७ पर्यंत जगले, दूरवर पायी चालले. आणि पुन्हा लाभलेल्या आयुष्याचे मानसिक ओझेही त्यांनी उघडपणे बोलून दाखविले. यशाच्या वर्णनात ही दुसरी बाजू सहसा येत नाही.

या पंपांनी वैद्यकाच्या एका जुन्या खुणेस धक्का दिला आहे. शार्ङ्गधरसंहितेपासून नाडी हे जीवनाचे लक्षण मानले गेले. सतत प्रवाहाच्या पंपावर जगणाऱ्या माणसाची नाडी मात्र पुष्कळदा हाताला लागतच नाही. बेशुद्ध पडलेल्या अशा रुग्णास प्रथम पाहणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यास हे ठाऊक नसेल, तर तो जिवंत माणसास मृत समजण्याचा संभव आहे.

वाशिमसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९०५ मध्ये हा जिल्हा मोडून त्याचा भाग अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत विलीन करण्यात आला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून तो पुन्हा वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्यास आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतले. येथील कारंज्याच्या वा मालेगावच्या रुग्णास पंप मिळाला, असे क्षणभर गृहीत धरावे. पोटाच्या त्वचेतून बाहेर आलेली तार, कमरेचे नियंत्रक यंत्र व काही तासांनी बदलावयाच्या विद्युत्घटांच्या जोड्या त्याच्या सोबतीस येतात. तारेभोवतीची जखम कोरडी व निर्जंतुक ठेवावी लागते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाची मात्रा वारंवार तपासावी लागते. नदीत वा विहिरीत उतरणे वर्ज्य. गावठाणातील घरात घट भारित करता येतील. शेतात वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबास तेथील विजेच्या वेळा सांभाळाव्या लागतील.

जीवनमान मोजण्याच्या पाश्चात्त्य प्रश्नावल्या रुग्णास जिना चढता येतो का, छंद जोपासता येतात का, असे विचारतात. सोयाबीनच्या शेतात निंदणी करता येते का, डोक्यावरून पाणी आणता येते का, एस. टी. ने अकोल्यास जाऊन रक्ततपासणी करून संध्याकाळी परतता येते का, हे त्यांत नाही. मराठवाडा-विदर्भातील रुग्णांसाठी अशी प्रश्नावली रचावयाची झाल्यास वैद्यकाबरोबरच ग्रामीण समाजशास्त्राच्या अभ्यासकांनाही त्या कामी बसावे लागेल. आणि पहिला प्रश्न बहुधा रुग्णास नव्हे, तर रात्री घट बदलण्यास जागणाऱ्या त्याच्या घरच्यांस विचारावा लागेल.