स्लोला न थांबणारी गाडी

“गाडी स्लोला थांबत नाही.” धाराशिवच्या कोणत्याही जुन्या गॅरेजवर जाऊन एवढं एक वाक्य म्हणा, मिस्त्री पुढचं विचारणार नाही, थेट बॉनेट उघडेल. गाडी न्यूट्रलमध्ये आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, अशा वेळी इंजिनाने मंद, एकसारखं चालत राहायला हवं. ते तसं चालत नाही. गिअरचा दांडा थरथरतो, काचा खुळखुळतात, मधेच एक ठोका चुकतो आणि चौकात गाडी बंद पडते. तुम्ही गेल्या दहा-पंधरा वर्षांत गाडी शिकला असाल तर हा अनुभव बहुधा तुमच्या वाट्याला आलेला नाही. तो का आला नाही, आणि काही गाड्यांच्या वाट्याला आज नव्याने का येतोय, याला एक इतिहास आहे. त्यात कुर्ला आहे, सोलापूर आहे आणि आपला ऊसही आहे.

मला हा इतिहास शोधावा लागला तो माझ्या मामांच्या प्रीमियर पद्मिनीमुळे. मामा निवृत्त शिक्षक. गाडी नव्वदच्या दशकातली, एमएच-25 पासिंगची. जिल्ह्याचं नाव बदललं तरी तिच्या आरसी बुकवर अजून ‘उस्मानाबाद’च आहे. रस्त्यावर ती आजही साठच्या स्पीडने नीट पळते. थांबली की मात्र थरथरते.

पद्मिनीची गोष्ट आपल्या शेजारच्या सोलापुरात सुरू होते. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापूरचा. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी भारतात तयार व्हाव्यात म्हणून इंग्रजी अमदानीत धडपडलेला हा उद्योगपती. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरशी झालेल्या कराराखाली गाड्या बाहेर पडू लागल्या आणि पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी जोडी जमली. फियाट 1100 चं भारतीय रूप सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन. ते जवळजवळ तसंच राहिलं, कारण परवान्यांच्या त्या काळात स्पर्धाच नव्हती. लोक गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पद्मिनीचे दिवस भरत आले. नवीन गाड्या निघणं 2000 च्या आसपास थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदवलेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

या इंजिनाला पेट्रोल पाजण्याचं काम कार्बोरेटर करतो. 1893 साली बांकी आणि चोंका या दोन हंगेरियन अभियंत्यांनी ज्याचं पेटंट घेतलं, त्याच कुळातलं हे यंत्र. हवा निमुळत्या नळीतून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप ओढलं जातं. ना वायर, ना चिप. पण इंजिन स्लोवर असताना हवेचा झोत इतका मंद असतो की ही युक्ती चालत नाही. म्हणून स्लोसाठी वेगळी, बारीक वाट ठेवलेली असते, ती म्हणजे स्लो जेट. तिचं भोक इतकं लहान की पेट्रोलमधला एक कण अडकला तरी गाडी थरथरू लागते. वेगात असताना मोठा जेट काम करतो आणि छोट्याचं दुखणं झाकलं जातं. पळताना ठणठणीत असलेली गाडी उभी राहिल्यावर आजारी का वाटते, त्याचं कारण हे.

मामांचे मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले. त्यांचं काम मी दुपारभर बघत बसलो. माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा, त्यामुळे त्यांची पद्धत लगेच ओळखीची वाटली. चालू इंजिनावर त्यांनी एकेका प्लगची वायर जाडजूड रबरी मोज्याने काढून पाहिली. वायर काढल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय, नाही बदलला तर तोच आळशी. चारही वेळा आवाज बदलला, म्हणजे चौघंही कामावर होते. मग पॉइंटचं अंतर पाहिलं, ते बरोबर. टॅपेटही ठीक. प्लग काढले तर टोकं पांढुरकी. मिश्रण नीट असेल तर टोक विटकरी होतं, पेट्रोल जास्त झालं तर काळं पडतं आणि कमी पडलं तर पांढरं. कुठून जादा हवा ओढली जातेय का हे पाहायला त्यांनी पाइपांचे जोड तपासले. एक रबरी नळी फुगून मऊ पडली होती, ती बदलली. तरी थरथर राहिलीच. शेवटी त्यांनी चोक बोटभर ओढला. चोक म्हणजे हवा कमी करणारी झडप. गाडी एकदम शांत झाली.

“गुरुजी, हिचं काय बी बिघडलं न्हाई,” ते मामांना म्हणाले. “गाडी उपाशी हाय. पेट्रोल बदललंय.”

हे वाक्य मी पुण्याला परत येऊन हिशेबाने तपासलं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. शुद्ध इथेनॉलला सुमारे 9 किलो पुरते. म्हणजे पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असेल तर हे प्रमाण साधारण साडेतेरावर येतं. जेटचं भोक मात्र जुन्या प्रमाणासाठी पाडलेलं आहे. ते तेवढंच इंधन देतं आणि इंजिनाला हवं त्यापेक्षा सुमारे 8 टक्के कमी मिळतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं आणि टाकीत वर्षानुवर्षं साचलेला मळ सोडवून जेटकडे पाठवतं. आमच्या धंद्यातही असंच होतं. प्रोग्रॅमची एक ओळही बदललेली नसते, पण तो ज्या लायब्ररीवर उभा आहे तिचं व्हर्जन बदलतं आणि चालता प्रोग्रॅम कोलमडतो.

पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळायची कल्पना नवी नाही. 1948 मध्येच त्यासाठी ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ झाला होता. तो 2000 साली रद्द झाला आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी मिरज आणि मनमाडला मिश्रणाचे नवे प्रयोग सुरू झाले. 2003 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत 5 टक्के इथेनॉल आलं. 2018 च्या जैवइंधन धोरणाने मळीसोबत उसाच्या रसालाही वाट मोकळी केली. 20 टक्क्यांचं लक्ष्य आधी 2030 चं होतं, ते 2025 वर आणलं गेलं आणि गाठलंही. आज इथेनॉलमध्ये मक्याचाही वाटा मोठा आहे, पण सुरुवात उसाचीच. ढोकीच्या ‘तेरणा’सारख्या कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात हे सांगायला नको. दुष्काळ काढूनही इथे ऊस लावणाऱ्या माणसाला बिल वेळेवर मिळावं, यात इथेनॉलचा मोठा आधार आहे. त्यामुळे इथेनॉलला सरसकट शिव्या देणं मला पटत नाही.

वालचंदांकडे परत येऊ. मोटारींच्या आधी, 1930 च्या दशकात त्यांनी नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि इंदापूर तालुक्यात कळंब (आपलं धाराशिवचं कळंब वेगळं) इथे साखर कारखाने उभे केले. त्या कळंबचंच पुढे वालचंदनगर झालं. ऊस आणि मोटार, दोन्हींवर एकाच माणसाने पैज लावली होती. नव्वद वर्षांनी तो ऊस त्या मोटारीच्या टाकीत पोचला आणि दोघांचं जमेना.

नव्या गाड्यांचं जमतं, कारण त्यांच्या धुराच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. मिश्रण उपाशी आहे असं दिसलं की संगणक तिथल्या तिथे पेट्रोल वाढवतो. 1999 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्ली परिसरात प्रदूषणाचे कडक नियम आले, ते हळूहळू देशभर पसरले आणि कार्बोरेटर मोटारींतून हद्दपार झाला. हवा स्वच्छ व्हायला त्याचा उपयोगच झाला. पण कार्बोरेटरच्या गाडीलाही सेन्सर होता. तो गाडीत नव्हता, गॅरेजवर बसलेला होता. मिस्त्रीचा कान. इंजिनाचा आवाज ऐकायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. हा फीडबॅक लूपच आहे, फक्त तो माणसातून जातो.

इंधन बदललं तेव्हा या सेन्सरला कुणी कळवलं नाही. सरकारने 2025 मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. बरोबरच आहे. पण ते ओळखायचं कुणी, बदलायचं कुणी? एमएच-25 च्या कार्बोरेटरवाल्या गाड्या, जुन्या स्कूटरी, मोटरसायकली यांचं निदान अजून त्याच कानांवर चाललंय. पंपावर 20 टक्क्यांचं पेट्रोल टाकायचं की नाही हा पर्याय त्यांच्या मालकांना नाही. मिस्त्रींना हे कुणी शिकवलं नाही, त्यांनी पांढऱ्या प्लगांवरून आणि चोकवरून स्वतः काढलं. त्यांच्या गॅरेजवर शिकायला आज एकही पोरगा नाही.

मामांच्या गाडीवरचा उपाय साधा निघाला. मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा सैल, स्लो जेट साफ, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या आणि टाकी फार काळ अर्धी ठेवायची नाही, कारण रिकाम्या जागेतला दमटपणा पेट्रोलमध्ये उतरतो. तुमच्या घरी कार्बोरेटरची गाडी असेल तर सुरुवात चोकपासून करा. इंजिन गरम असताना चोक किंचित ओढल्यावर थरथर थांबली तर गाडी उपाशी आहे, बिघडलेली नाही. आणि तुमच्या गावच्या मिस्त्रींकडे जाल तेव्हा नुसती गाडी टाकून येऊ नका. दुपारभर बसा, ते काय ऐकतात ते विचारा आणि लिहून घ्या. त्या कानांना मॅन्युअल नाही.