बंगळूरच्या तीन अटी

पिंपळे सौदागरहून पवना ओलांडून पिंपरीला गेले, की हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा परिसर लागतो. आपण सारे त्याला नुसते 'एच. ए.' म्हणतो. १९५४ साली सरकारने ही कंपनी काढली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तिला हात दिला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्या वेळी आपले पिंपळे सौदागर हे नदीकाठचे शेतकऱ्यांचे गाव होते. नगरपालिका यायला अजून पंधरा वर्षे होती. आज जेथे बारा-बारा मजले उभे आहेत तेथे तेव्हा ज्वारी डोलत होती.

ज्या घरात दही लागते त्या घराला पेनिसिलिनचा कारखाना समजणे अवघड नाही. तेथेही मूळ काम विरजणाचेच. फरक एवढाच, की भांडे दोन-तीन पुरुष उंचीचे, विरजण एका बुरशीचे, आणि तिला जगायला साखरेबरोबर हवाही लागते. ती हवा मात्र गाळून निर्जंतुक केलेली. एखादा परका जंतू आत शिरला तर तो बुरशीचे अन्न खातो, आणि कित्येक जंतू तर तयार झालेले पेनिसिलिनच मोडून टाकतात. मग अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. म्हणून अशा कारखान्यात झडपेशी उभा राहणारा कामगार आणि सूक्ष्मदर्शकाशी बसणारा पदवीधर, दोघेही एकाच गोष्टीला भितात. आमच्या धंद्यात मालक-मजूर भेदाचे बोलणे फार. पण जंतूपुढे तो भेद चालत नाही, हे मात्र खरे.

याच पिंपरीत १९६१ साली एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवरचे एक नवे औषध जगापुढे मांडले. त्याचे नाव हॅमायसिन. 'हॅ' हे अक्षर कंपनीच्या नावातून आले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते काढले त्याला शास्त्रज्ञांनी 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' म्हटले. आपल्या पिंपरीचे नाव अशा रीतीने लॅटिन होऊन शास्त्राच्या वहीत गेले. गावाला याची खबर फारशी नाही. कोणी पाटी लावलेली आमच्या पाहण्यात नाही.

विद्यापीठात या विद्येला आज जैववैद्यक शास्त्र म्हणतात. जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, रोगप्रतिकाराचे शास्त्र अशा तिच्या अनेक शाखा आहेत. डॉक्टर रोग्याची नाडी पाहतो; ही विद्या रोग्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन, आत काय बिघडले ते विचारते. आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. त्यानंतर लेथवर उभे राहिलो, आणि पुढचे जे काही वाचले ते रद्दीच्या दुकानातले आणि वाचनालयातले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांला कसा, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. पण या विद्येच्या दाराशी जे घडते ते आमच्या कचेरीत रोज येते.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आमच्या कचेरीत आली. बाप कंत्राटी फिटर, आई चार घरची पोळ्या-भाजी करणारी. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राची एम. एस्सी. तिला एका औषध कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत जागा मिळाली होती आणि नेमणुकीचे पत्र वाचून घ्यायचे होते. पत्रात लिहिले होते, की ही नेमणूक शिकाऊ म्हणून एक वर्षाची. काम समाधानकारक वाटले तरच पुढचा विचार. कायम होण्याचा हक्क सांगता येणार नाही. आम्ही पत्र दोनदा वाचले आणि तिला म्हटले, "पोरी, हे पत्र आम्ही पूर्वी वाचलेले आहे." तिला वाटले, याच कारखान्याचे दुसरे कोणाचे तरी. आमच्या मनात १९३३ साल होते.

त्या साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झालेली कमला भागवत नावाची मुलगी बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज करते. दुर्गाबाई भागवतांचे नाव आपण सारे जाणतो; कमला ही त्यांची धाकटी बहीण. वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच संस्थेच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. गुण उत्तम. संस्थेचे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाने त्यांना डोक्यावर घेतले होते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री.

मुलगी बंगळूरला गेली, कारण विचारू लागली आणि रामन यांच्या कार्यालयापुढे तिने सत्याग्रह केला. मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. शब्द ताजा होता. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक, पहिले वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी नव्हे, परिवीक्षेवर. दोन, संचालकांचे समाधान होईपर्यंत तिच्या कामाला मान्यता नाही. तीन, तिच्या असण्याने तिथल्या पुरुष संशोधकांचे वातावरण बिघडता कामा नये.

पहिल्या दोन अटी कोणत्याही बदली कामगाराला तोंडपाठ असतात. तिसरी मात्र आम्हांला अधिक बोचते. पुरुषांचे चित्त विचलित झाले तर दोष मुलीचा, हा न्याय कोठला? रामन थोर होते, यात शंका नाही. प्रकाशाच्या किरणात त्यांनी जे पाहिले ते दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. समोर उभी असलेली मुलगी मात्र त्यांना दिसली नाही. हे बोलताना आमची मान ताठ राहत नाही, कारण आमच्या स्वतःच्या युनियनच्या कार्यकारिणीत कितीतरी वर्षे एकही बाई नव्हती, आणि ते आम्हांला खटकलेही नव्हते.

असो. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या आणि श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली दुधातल्या व डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केले. विषय पाहा: गरिबाच्या ताटात जे असते तेच. वर्षाने रामन यांचे समाधान झाले, आणि तेव्हापासून संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली त्या एम. एस्सी. झाल्या. पुढे केंब्रिज. तेथे रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना त्यांना दिसले, की प्राण्यांच्या पेशींना श्वसनात उपयोगी पडणारे 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते. म्हणजे बटाटा आणि माणूस, दोघांच्या आत श्वासाचे काम चालवणारा गडी एकच. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. आणि साहेबाच्या देशात सारे आलबेल होते असेही नाही: स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी द्यायला केंब्रिजने १९४८ साल उजाडू दिले.

त्या विलायतेत राहिल्या नाहीत. दिल्लीचे लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची आहार संशोधनशाळा, १९४७ साली विवाह, आणि पुढे कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाचे अध्यापन. तेथे विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्यांनी नीरेवर काम केले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ते सुचवले होते. ताडाची ही ताजी नीरा आदिवासी मुलांच्या व गरोदर बायांच्या आहारात दिली तर अंगाला लागते, असे त्यातून दिसले, आणि त्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला. इतके करूनही संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे आले ते चार वर्षांच्या विलंबाने. म्हणजे परिवीक्षा पहिल्या वर्षी संपली असे कागदावर म्हणायचे. उतारवयात त्या ग्राहकांच्या संघटनेत शिरल्या आणि भेसळीविषयी लिहू लागल्या; पदवीचा उपयोग असाही होतो. १९९८ साली त्या गेल्या.

हे सारे आम्ही त्या मुलीला त्या दिवशी कचेरीत सांगितले. बाहेर पाऊस पडत होता म्हणून तीही ऐकत बसली. शेवटी तिने एकच विचारले, "त्यांनी अटींवर सही केली होती का?" केली होती, आम्ही म्हणालो. मग आम्ही दोघांनी पत्रातले एक-एक कलम पुन्हा पाहिले. कामाचे तास कोठेच लिहिलेले नव्हते, ते लेखी मागायचे ठरले. रात्रपाळीला घरी पोचवायला गाडी द्यावी, हेही त्या अर्जात घातले. तिच्या इंग्रजीपुढे आमचे इंग्रजी लंगडे, म्हणून मसुदा तिनेच लिहिला. आम्ही फक्त 'विनंती' हा शब्द खोडून 'मागणी' केला. तिने थोडा विचार करून पुन्हा 'विनंती' केला. पत्राची घडी घालून पिशवीत ठेवली, आणि सोमवारी ती पहिल्या पाळीला गेली.