दिवा पेटतो, पण आवाज नाही : मोटारीतील मौनाचा इतिहास

१/
मोटारीतील स्टिरिओचा दिवा पेटलेला असतो, पडद्यावर केंद्राचा आकडाही दिसतो, तरीही आवाज येत नाही. अशा वेळी जाणकार मेकॅनिक एकदम यंत्र उघडत नाही. तो क्रमाने पाहतो : वीज, अर्थ, एरियल, स्पीकर आणि शेवटी कोडचे कुलूप. हा क्रम कोणा एकाने बसून ठरवलेला नाही. जवळपास शंभर वर्षांत मोटारीतील आवाज ज्या ज्या कारणांनी बंद पडला, त्या कारणांचे थर या क्रमात साठले आहेत. हा थ्रेड त्या थरांविषयी.

२/
आरंभ शिकागोतून. पॉल आणि जोसेफ गॅल्विन या बंधूंनी सप्टेंबर १९२८ मध्ये ५६५ डॉलर भांडवल आणि पाच कामगार यांच्या बळावर गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन स्थापन केले. बॅटरीवर चालणारे घरगुती रेडिओ थेट घरच्या विजेवर चालवणारे एक उपकरण ते विकत असत. परंतु विजेवरच चालणारे नवे रेडिओ बाजारात आले आणि त्या उपकरणाची गरज संपू लागली. त्यातच ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. कारखाना तगवायचा तर नवे उत्पादन हवे होते. पॉल गॅल्विन यांनी मोटारीतील रेडिओची निवड केली.

३/
मोटारीत रेडिओ बसवण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. अडचण होती ती मोटारीचीच. पेट्रोल इंजिनात इंधन पेटवण्यासाठी स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० ठिणग्या पडतात. मार्कोनीने आरंभीच्या काळात बिनतारी संदेश पाठवण्यासाठी विद्युत ठिणगीचाच उपयोग केला होता. म्हणजे प्रत्येक मोटार हे एक नकळत चालणारे प्रक्षेपण केंद्रच होते. दूरवरच्या केंद्राचा क्षीण संकेत त्या खरखरीत बुडून जाई.

४/
त्यावर उपाय शोधले गेले. प्रत्येक प्लगच्या तारेत रोधक, डिस्ट्रिब्युटरपाशी आणखी एक रोधक, जनरेटरला कंडेन्सर. एवढे करूनही खरखर उरली, तर ती कधी कधी पुढच्या चाकांत साठणाऱ्या स्थिर विजेची निघे आणि चाकाच्या आसाशी लहानशी स्प्रिंग बसवावी लागे. इंजिन बंद करून ऐकायचे, मग चालू करून ऐकायचे, मग मोटार उतारावर तशीच सोडून ऐकायचे. दोष रेडिओत आहे की मोटारीत, हे ओळखण्याची पद्धत अशी प्रत्यक्ष कामातून घडली. ‘आधी मोटार तपासा, मग रेडिओ’ हा धडा त्या काळचा आहे.

५/
दुसरी अडचण विजेची. मोटारीची बॅटरी तेव्हा ६ व्होल्टची असे. व्हॉल्व्हच्या तारा तापवण्यास ती पुरे, पण व्हॉल्व्ह प्रत्यक्ष चालवण्यास शंभर किंवा त्याहून अधिक व्होल्ट लागत. म्हणून पायाखालच्या फळ्यांखाली वेगळ्या कोरड्या बॅटऱ्या ठेवाव्या लागत. एरियलसाठी छताचे अस्तर उसवून आत तारेची जाळी अंथरली जाई. कोरड्या बॅटऱ्या उतरल्या की व्हॉल्व्ह तापलेले दिसत, पण आवाज येत नसे. ‘दिवा आहे, आवाज नाही’ या तक्रारीचे हे पहिले रूप.

६/
जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले. पॉल गॅल्विन यांच्यापाशी तेथे दालन घेण्याइतके पैसे नव्हते. त्यांनी आपल्या स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवला, शिकागोहून सुमारे ८०० मैल प्रवास केला आणि सभागृहाबाहेर मोटार उभी करून येणाऱ्याजाणाऱ्यांना तो ऐकवला. मागणी आली. ५टी७१ हे ते मॉडेल ११० ते १३० डॉलरला विकले जाई. मोटार आणि ‘व्हिक्ट्रोला’मधील शेवटचे ‘ओला’ यांच्या जोडणीतून त्याला ‘मोटोरोला’ हे नाव मिळाले. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव धारण केले.

७/
या प्रारंभकाळातील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. कर्ज मिळावे म्हणून गॅल्विन यांनी एका बँकरच्या पॅकार्ड मोटारीत रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात त्या मोटारीने पेट घेतला, असे सांगतात. तपशील काहीही असो, त्यामागील भीती खरी होती. तारांच्या जोडणीत चूक झाल्यास बॅटरीतील सारा प्रवाह एका ठिकाणी उतरतो. ‘फ्यूज का उडाला हे कळल्याशिवाय मोठा फ्यूज घालू नये’ हा नियम आजही याच भीतीवर उभा आहे.

८/
युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टचा ‘ऑटोसुपर ५’ आला. वजन सुमारे १५ किलो, किंमत ४६५ राइशमार्क, म्हणजे लहान मोटारीच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश. एवढी पेटी डॅशबोर्डमध्ये मावत नसल्याने ती दुसरीकडे बसवून तिची नियंत्रणे चालकाच्या हाताशी, स्टिअरिंगजवळ आणली गेली. मोटारीतील आवाज तोवर श्रीमंतांपुरताच होता.

९/
याच सुमारास काहींना आवाज बंदच हवा होता. १९३० च्या आसपास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मोटारीतील रेडिओवर निर्बंध घालण्याचा विचार झाला. चालकाचे लक्ष विचलित होते, हा त्यामागचा युक्तिवाद. भारतात प्रश्न वेगळा होता. इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट, १९३३ या कायद्यान्वये परवान्याविना रेडिओ बाळगणे हा गुन्हा ठरला. टपाल कचेरीतून परवाना काढायचा आणि वर्षाला शुल्क भरायचे. ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके टिकली आणि १९८० च्या दशकात संपली.

१०/
१९३० च्या दशकात विजेच्या अडचणीवर ‘व्हायब्रेटर’ हे उत्तर मिळाले. एका पत्र्याच्या डबीत पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरते आणि बॅटरीच्या एकदिश प्रवाहाचे तुकडे करते. मग ट्रान्सफॉर्मर त्याचे व्होल्टेज वाढवतो. वेगळ्या बॅटऱ्यांची गरज संपली. रेडिओ लावताच बारीक गुणगुण ऐकू येई. ती व्हायब्रेटरची. निदानाचे हे सर्वांत स्वस्त साधन होते. गुणगुण आहे पण आवाज नाही, तर दोष पुढे व्हॉल्व्ह, स्पीकर वा एरियलमध्ये. गुणगुणही नाही, तर दोष मागे, विजेच्या वाटेत.

११/
व्हायब्रेटर हाच त्या रेडिओचा सर्वांत दुबळा भाग ठरला. त्याचे संपर्कबिंदू जळत किंवा एकमेकांना चिकटत. चिकटले की प्रवाह वाढून फ्यूज उडे. कित्येक जण डबीवर टिचकी मारून तो पुन्हा चालू करत. परंतु जाणकार कारागीर एक गोष्ट चुकवत नसे : नवा व्हायब्रेटर घालताना त्यासोबतचा बफर कंडेन्सरही बदलायचा. कारण पुष्कळदा जुन्या व्हायब्रेटरचा बळी त्यानेच घेतलेला असे. मेलेला भाग बदलणे आणि तो का मेला हे शोधणे, यांतील अंतर या एका सवयीत दिसते.

१२/
१९५५ मध्ये फिल्को आणि क्रायस्लर यांनी संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. किंमत १५० डॉलर. ट्रान्झिस्टरला उच्च व्होल्टेज लागत नाही. त्यामुळे व्हायब्रेटर गेला, व्हॉल्व्ह तापण्याची प्रतीक्षा गेली आणि ती गुणगुणही गेली. यंत्र अधिक विश्वसनीय झाले. मात्र ते बिघडले तर बाहेरून काही कळेना. टिचकीचा उपाय संपला आणि मीटरचा काळ सुरू झाला.

१३/
१९६० च्या दशकात मोटारीत टेप आली. १९६५ मध्ये फोर्डने आपल्या १९६६ च्या मोटारींसाठी आठ-ट्रॅकचा पर्याय दिला. पुढे फिलिप्सच्या कॅसेटने तिला मागे टाकले. स्टिरिओसोबत दोन आणि मग चार स्पीकर आले, तारा दारांत शिरल्या. दार उघडझाप होताना बिजागरीपाशी तार वाकते आणि वर्षानुवर्षांनी आतून तुटते. येथून निदानाला नवे साधन मिळाले : बॅलन्स आणि फेडर. आवाज एकाच कोपऱ्यातून गेला असेल तर संशय तारेवर किंवा स्पीकरवर. चारही कोपरे मुके असतील तर स्टिरिओवर. स्पीकरची तार स्टिरिओपासून सोडवून तिला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. ‘टक्’ असे ऐकू आले तर स्पीकर जिवंत आहे.

१४/
एक जुनी सवय मात्र घातक ठरली. आरंभीच्या मोटारींत स्पीकरची एक बाजू सरळ बॉडीला जोडून भागत असे. पुढे अधिक ताकदीसाठी असे ॲम्प्लिफायर आले की ज्यांत स्पीकरच्या दोन्ही तारांवर संकेत असतो. यांतील एकही तार बॉडीला टेकली की ॲम्प्लिफायर स्वसंरक्षणासाठी गप्प बसतो किंवा जळतो. जुन्या मोटारीत नवा स्टिरिओ बसवल्यावर आवाज न येण्याचे हे एक ठळक कारण. काल जे बरोबर होते तेच आज बिघाड घडवते.

१५/
१९८० च्या दशकात महागडे स्टिरिओ चोरांचे लक्ष्य झाले. न्यूयॉर्कमध्ये ‘आत रेडिओ नाही’ अशा पाट्या मोटारींच्या काचांवर लागल्या. मग खेचून सोबत नेता येणारे स्टिरिओ, सुटा होणारा दर्शनी भाग आणि अखेर गुप्त कोड आला. बॅटरीची तार सुटली की यंत्राला वाटते आपण चोरीला गेलो, आणि कोड मिळेपर्यंत ते मौन पाळते. बॅटरी बदलल्यावर मुका झालेला स्टिरिओ बिघडलेला नसतो. त्या शहरांतील भीतीची आठवण तो जपतो. त्यापाठोपाठ मोबाइल आले आणि फोन वाजताच आवाज दाबणारी ‘म्यूट’ तार आली. ती घासून बॉडीला टेकली, तर दिवा पेटतो, केंद्र दिसते आणि आवाज मात्र नसतो.

१६/
२००० नंतर काही मोटारींत आवाज प्रकाशतंतूंच्या वलयातून धावू लागला. रेडिओ, ॲम्प्लिफायर, फोन, सारे एका माळेत. एक मणी बंद पडला की सगळी माळ मुकी होते. मेकॅनिक तंतूच्या टोकाशी लाल प्रकाश दिसतो का, हे पाहतो आणि एकेक घटक वगळत जातो. साधने नवी, पण रीत व्हायब्रेटरच्या काळातलीच : दोष पुढे की मागे?

१७/
आणि वर्तुळ पूर्ण होते ते विजेच्या मोटारींपाशी. त्यांत ठिणगी नाही, पण मोटर चालवणारे इन्व्हर्टर मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पुन्हा खरखर निर्माण करतात. काही उत्पादकांनी उपाय शोधण्याऐवजी तो पट्टाच काढून टाकला. २०२३ मध्ये फोर्डनेही तसे ठरवले होते, परंतु मे महिन्यात निर्णय मागे घेतला. त्याच महिन्यात, प्रत्येक नव्या मोटारीत एएम रेडिओ असावा यासाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयक मांडले गेले.

१८/
त्यामागे केवळ गतकाळाची ओढ नव्हती. वादळात वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात, तेव्हा घरासमोर उभ्या मोटारीत बॅटरी आणि रेडिओ दोन्ही असतात. एफएमचे संकेत डोंगराआड अडतात. खंडाळ्याच्या घाटात हे कोणाही प्रवाशाच्या ध्यानात येते. मीडियम वेव्ह मात्र जमिनीलगत दूरवर पोहोचते. १९३० मध्ये खरखरीवर तोडगा काढणे ही एका कारखान्याच्या अस्तित्वाची गरज होती. आज तोच तोडगा टाळला, तर नेमक्या संकटाच्या वेळी मोटार मुकी राहील. या मौनाचे कारण मात्र फ्यूजमध्ये सापडणार नाही.

(समाप्त)