दक्षिणा, अनुदान आणि मुळशीचे जाते

विद्यापीठाच्या अंतर्गत संशोधन-अनुदानासाठी अर्ज करणे ही आपल्याकडे निव्वळ प्रशासकीय बाब समजली जाते. परिपत्रक येते, अर्जाचा नमुना येतो, प्राचार्यांची सही-शिक्का घेऊन प्रस्ताव ‘योग्य त्या मार्गाने’ रवाना होतो. ह्या कागदाकडे साहित्याच्या अभ्यासकाने वाङ्मयेतिहासाचे साधन म्हणून पाहावे, असे सहसा कोणी सुचवत नाही. परंतु मराठीत कोणते ज्ञान लिहिले गेले आणि कोणते लिहावयाचे राहून गेले, ह्याचा बराचसा हिशेब अशा अर्जांत आणि त्यांवरील निर्णयांत सापडतो. पुणे परिसरापुरता हा हिशेब सुमारे तीनशे वर्षांचा आहे. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडून मुळशी तालुक्यातील एका उदाहरणापर्यंत आणावयाचा आहे.

रमण्यातील परीक्षा

विद्येसाठी सार्वजनिक पैसा देण्याची पुण्याच्या परिसरातील ठळक प्रथा म्हणजे श्रावणमासातील दक्षिणा. तिचा आरंभ मुळशीला लागूनच असलेल्या मावळात, तळेगावी, सेनापती खंडेराव दाभाडे ह्यांनी केला. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले आणि त्यानंतर पहिल्या बाजीरावाने ही प्रथा पुण्यात चालू ठेवली. पुढे पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमू लागले. त्यांतील विद्वानांची वेदांत आणि शास्त्रांत परीक्षा होई व योग्यतेनुसार रक्कम ठरे.

ह्या व्यवस्थेचे दोन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की दक्षिणा आधीच संपादन केलेल्या विद्येला मिळे. नव्या शोधाला नव्हे. दुसरा असा, की मागणाऱ्याची जात आणि विद्येची भाषा ह्या दोन्ही गोष्टी परीक्षेपूर्वीच निश्चित झालेल्या असत. रमण्यात पाऊल ठेवण्याआधीच अर्जाचे बहुतेक रकाने भरलेले असत, असे आजच्या परिभाषेत म्हणता येईल.

१८१८ साली पेशवाई संपली, तरी दक्षिणा संपली नाही. एल्फिन्स्टनच्या धोरणामुळे कंपनी सरकारने ती वार्षिक पन्नास हजार रुपयांच्या मर्यादेत चालू ठेवली. ह्याच निधीच्या आधारे १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८५१ मध्ये तिचे रूपांतर पूना कॉलेजात झाले आणि १८६४ मध्ये त्याचे डेक्कन कॉलेज झाले. पुण्यातील उच्चशिक्षणाचे मूळ भांडवल असे दक्षिणेचे आहे.

व्यक्तीकडून ग्रंथाकडे

खरा पालट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला झाला. १८४९ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेच्या रकमेतील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा, अशी त्यांची मागणी होती. पुण्यातील सनातनी मंडळींनी ह्याला कडाडून विरोध केला. अर्जदारांवर हल्ला होईल अशी भीती असल्यामुळे जोतीराव फुले ह्यांनी त्यांच्या संरक्षणासाठी महार-मांग समाजातील माणसे उभी केली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. आपल्या विद्याक्षेत्रातील अनुदान-अर्जाच्या इतिहासात ह्या प्रसंगाला फार वरचे स्थान द्यावयास हवे. अर्ज करणारे एका समाजाचे आणि त्यांचा अर्ज सुखरूप पोहोचावा म्हणून उभे राहणारे दुसऱ्या समाजाचे. ह्या दुसऱ्यांसाठी त्या निधीत कसलीच तरतूद नव्हती.

१८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. आता पैसा पाठांतराऐवजी ग्रंथाला आणि संस्कृतऐवजी मराठीलाही मिळू लागला. ह्याच निधीतून पुढे कॉलेजांमध्ये दक्षिणा फेलोशिपा निघाल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. विद्वानाने काही वर्षे निर्वाहाची चिंता न करता वाचावे, शिकवावे आणि लिहावे, ही कल्पना येथे प्रथम रुजली.

मात्र निधीचे दार उघडले, तरी उंबरठा राहिलाच. १८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक ह्याच कमिटीकडे पाठविले. भोळ्या कुणब्याला धर्माच्या नावाने कसे लुबाडले जाते, हा त्याचा विषय. कमिटीने ते स्वीकारले नाही. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी तक्रार फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) केली. आधुनिक मराठीतील आरंभीचे हे सामाजिक नाटक छापील रूपात वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. एका नाकारलेल्या प्रस्तावाची मराठी वाङ्मयाने मोजलेली किंमत सव्वाशे वर्षांची आहे.

हंटर आयोगापुढे १८८२ साली दिलेल्या निवेदनात फुल्यांनी हाच प्रश्न व्यापक केला. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांचे म्हणणे. संशोधनाच्या पैशालाही ते लागू पडते. ज्यांच्या पैशावर ज्ञान उभे राहते, त्यांचे ज्ञान त्या ज्ञानात धरले जाते काय, असा हा प्रश्न आहे.

मंडळ, योजना, गुण

विसाव्या शतकात संशोधनाचा भार प्रथम संस्थांनी उचलला. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर दप्तरे शोधत हिंडले ते कोणत्याही नियमित अनुदानावाचून. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने त्या कामाला घर दिले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. औंधच्या अधिपतींच्या आश्रयाने सुरू झालेल्या ह्या कामाला सुमारे अर्धे शतक पुरेल एवढा पैसा आणि धीर मिळू शकला. कारण त्याचे मोल आश्रयदात्यांना आधीच पटलेले होते.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजना आल्या आणि ‘लघुसंशोधन प्रकल्प’ हा शब्द महाविद्यालयीन शिक्षकाच्या बोलण्यात रुळला. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियमाने महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ निर्माण केले. ‘बीसीयूडी’ ह्या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या ह्या मंडळामार्फत पुणे विद्यापीठ स्वतःच्या निधीतून शिक्षकांना संशोधनासाठी साहाय्य देत असे. तालुक्याच्या गावी शिकविणाऱ्या अध्यापकाला दिल्लीपेक्षा हे दार जवळचे होते. २०१६ च्या अधिनियमाने मंडळाची ती रचना संपली, आणि त्याच सुमारास आयोगाची लघुप्रकल्प योजनाही मागे पडली. त्यानंतर विद्यापीठांतर्गत निधीचे महत्त्व वाढले. मूल्यांकनाच्या निकषांमुळे ‘सीड मनी’ अर्थात बीजनिधी हा नवा शब्दही आला आहे. दक्षिणा, अनुदान, बीजनिधी असा हा शब्दप्रवास आहे.

दरम्यान अर्जाचे प्रयोजनही बदलले. २०१० च्या आयोग-नियमावलीने पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि संशोधन-प्रकल्पांना रकमेच्या प्रमाणात गुण दिले. रक्कम मोठी तर गुण अधिक. ज्या विषयाला जुजबी खर्च आणि भरपूर वेळ लागतो, त्या विषयाचा अर्ज ह्या गणितात मुळातच तोट्यात जातो. लोकसाहित्य हा असाच विषय आहे.

मुळशीतील एक काम

मुळशी हे नाव इतिहासात आहे ते प्रामुख्याने सत्याग्रहामुळे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सुरू झालेला हा लढा १९२४ पर्यंत चालला. पांडुरंग महादेव बापट येथेच ‘सेनापती’ झाले. पन्नासांहून अधिक गावांच्या जमिनीवर पाणी आले आणि भिऱ्याला तयार झालेली वीज मुंबईकडे गेली. ह्या लढ्याचे लेखन झाले आहे. सत्याग्रहाचे एक नेते विनायकराव भुस्कुटे ह्यांनी त्याचा वृत्तान्त लिहिला. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक असलेले राजेंद्र व्होरा ह्यांनी आधी मराठीत आणि नंतर इंग्रजीत (२००९) त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. धरणाविरुद्धचे जगातील पहिले आंदोलन म्हणून ते मुळशीकडे पाहतात.

ह्या लढ्यात स्त्रियाही होत्या. पण वर्तमानपत्रे, सरकारी कागद, नेत्यांची भाषणे ही जी साधने इतिहासकाराला उपलब्ध असतात, त्यांत त्यांचे बोलणे क्वचितच येते. मुळशी-मावळच्या बाईचे बोलणे दुसऱ्याच ठिकाणी साठले होते. ते जात्यावर होते. माहेर-सासर, भाऊ, लेक, सीतेचा वनवास, विठ्ठल, कष्ट, उपास हे सारे तिने पहाटे दळताना ओवीत बांधले.

ह्या ओव्यांचा मोठा संग्रह १९८० च्या दशकात सुरू झाला. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे असलेले गी पॉइटवाँ ह्यांनी पुण्यातील आपल्या समाजविज्ञान-केंद्रातून आणि गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून मुळशी-मावळच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन तो उभारला. गावातीलच स्त्रियांनी त्यात संकलक म्हणून काम केले. १९९० च्या दशकात संगणकीय संगीतशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड बेल ह्यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण झाले आणि संगणकीय सूची आकारास आली. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका आणि एक लाखाहून अधिक ओव्या एवढा ह्या संग्रहाचा विस्तार आहे. पॉइटवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या-निवर्तले. २०१७ पासून ‘परी’ ह्या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाने तो प्रकाशित करावयास घेतला.

ह्या संग्रहाला १९९० च्या दशकात अर्थसाहाय्य मिळाले ते युनेस्को, नेदरलँड्सचे विकास-सहकार्य मंत्रालय आणि युरोपातील एक प्रतिष्ठान ह्यांच्याकडून. मराठी वाङ्मयाच्या ह्या प्रचंड ठेव्याला जगाच्या दुसऱ्या टोकाकडून पैसा यावा, ह्यात परकीयांचा दोष नाही. त्यांचे ऋणच मानले पाहिजे. प्रश्न आपल्या विद्यापीठीय रचनेचा आहे. तासाभराच्या अंतरावर विद्यापीठ असताना हे काम विद्यापीठाबाहेर का उभे राहिले?

एक उत्तर अर्जाच्या नमुन्यात मिळते. शीर्षक, उद्दिष्टे, गृहीतक, पूर्वसंशोधनाचा आढावा, कालमर्यादा, अपेक्षित निष्पत्ती हा त्याचा क्रम. ओव्या गोळा करण्यापूर्वी त्यांविषयीचे गृहीतक कसे मांडावे? गाणारी बाई काय सांगेल हे आधी ठाऊक असते, तर तिच्याकडे जाण्याचे कारणच नव्हते. अंदाजपत्रकाची शीर्षकेही पाहावीत: पुस्तके व नियतकालिके, उपकरणे, क्षेत्रभेट व प्रवास, किरकोळ खर्च. दिवसभराची मजुरी बुडवून जी स्मृती चाळवीत बसते, तिचे मानधन ह्यांतील कोणत्या शीर्षकाखाली दाखवावे? संगणकाचे बिल हिशेबतपासनिसाला समजते. ओवीची पावती नसते.

कालगणनेचाही विसंवाद आहे. मुळशी भातशेतीचा तालुका. आषाढ-श्रावणात आवणी, पुढे कापणी आणि झोडणी. बायकांना निवांतपणा मिळतो तो सुगी आटोपल्यावर. विद्यापीठाचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. मंजुरीपत्र हिवाळ्याच्या अखेरीस हाती पडले, की पैसा खर्च करण्याची घाई आणि माणसे भेटण्याचा काळ ह्यांचा मेळ बसत नाही. मग उपकरण विकत घेतले जाते, विनियोग प्रमाणपत्र वेळेत जाते आणि क्षेत्रभेट दोन दिवसांत आटोपते.

अर्जात काय लिहावे

म्हणून अर्ज करू नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. लोकहितवादींनी १८४९ साली निधीचा निषेध करून स्वस्थ बसणे पत्करले नाही. निधी कशासाठी वापरावा ह्याची नवी व्याख्या त्यांनी अर्जातच मांडली. आजच्या मराठीच्या अध्यापकालाही हे करता येण्यासारखे आहे. गृहीतकाच्या रकान्यात ओढूनताणून विधान करण्यापेक्षा ‘हे संकलन आहे, संकलनातून प्रश्न निश्चित होतील’ असे स्पष्ट लिहावे. तसे करणाऱ्या शास्त्रांना कोणी अशास्त्रीय म्हणत नाही. वनस्पतींची सूची करणारा अभ्यासकही प्रथम सूचीच करतो. किरकोळ खर्चाच्या शीर्षकाखाली मानधन दडपण्याऐवजी ते वेगळे मागावे आणि नाकारले गेले तर त्याची लेखी कारणे मागावीत. काम दोन पावसाळे आणि दोन सुगींमध्ये विभागावे व तसे वेळापत्रक जोडावे.

छाननी समितीवर बसणाऱ्या ज्येष्ठांचीही ह्यात जबाबदारी आहे. अंतर्गत अनुदानाची रक्कम लहान असते, ही उणीव मानली जाते. संकलनाच्या कामाला मात्र लहान रक्कमच सोयीची असते. एसटीचे भाडे, ध्वनिमुद्रक, लिप्यंतराचा मोबदला आणि पुन्हा पुन्हा जाण्याची मुभा एवढेच त्याला हवे असते. मोठा निधी देणाऱ्या संस्थेला पौड खोऱ्यातील एका वाडीचे महत्त्व पटविणे कठीण. स्वतःच्या विद्यापीठाला ते पटावे, अशी अपेक्षा गैर नाही. १९४९ च्या ह्या विद्यापीठाने २०१४ पासून सावित्रीबाई फुले ह्यांचे नाव धारण केले आहे. ज्या घरातील नाटक दक्षिणेच्या कमिटीने परत पाठविले, त्याच घराचे हे नाव आहे. छाननीला बसताना तेवढे स्मरणात असावे.

आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. मुळशीची वीज मुंबईला गेली; कालांतराने गावोगावी विजेवरची गिरणी आली आणि घरोघरचे जाते थांबले. ज्या स्त्रियांनी प्रत्यक्ष दळताना ओव्या रचल्या, त्या आता वृद्ध आहेत, आणि त्यांच्या सुनांनी त्या बहुधा केवळ ऐकल्या आहेत. राईरकर-पॉइटवाँ संग्रहाने प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदविण्याची शिस्त घालून दिली. पुढच्या अर्जातील ‘प्राथमिक साधने’ ह्या रकान्यात, जेथे आपण सवयीने ग्रंथालयांची नावे लिहितो, तेथे अशा स्त्रियांची नावे त्यांच्या संमतीने आणि गावांसह लिहिता येतील. त्या रकान्याला तेवढी जागा असते.