हरकत आणि आपत्ती

मराठी घरातून हिंदी कचेरीत जाणाऱ्यास दोन शब्द हमखास चकवतात. आपण ज्यास 'हरकत' म्हणतो, त्यास मध्य प्रदेशाच्या राजभाषेत 'आपत्ति' म्हणतात. आणि आपल्या भाषेत आपत्ती म्हणजे संकट. उलट हिंदीभाषकाच्या कानी 'हरकत' हा शब्द पडला, की त्यास कोणाची तरी आगळीक आठवते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून बऱ्हाणपूरची मराठी कुटुंबे या दोन शब्दांच्या मध्ये वावरत आली आहेत. शासकीय सेवेत असताना जमिनीच्या अनेक फाइली आमच्या हाताखालून गेल्या. ज्या गावात हरकत वेळेवर नोंदवली जात नाही, त्या गावावर मराठी अर्थाची आपत्ती येते, हा अनुभव त्या फाइलींनी आम्हांस दिला. बांधकामाच्या परवानगीस हरकत घेण्याचा नागरिकाचा अधिकार आला कोठून आणि आपल्या नगरीस त्याचे काय प्रयोजन, याचा थोडक्यात आढावा येथे घेत आहोत.

हा अधिकार सर्वस्वी परकीय नव्हे. शिवकालात व पेशवाईत वतन, शीव, पाट, वहिवाट यांचे तंटे गोतसभेपुढे येत. साक्षी होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्यावर कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू अशा निशाण्या उमटत. ज्याला अक्षर येत नसे, त्याचेही म्हणणे कागदावर येई, ही या पद्धतीची थोरवी. तिच्यात उणिवाही होत्या. गोतात ज्याला स्थान नव्हते, त्याचा आवाज सभेत क्षीणच असे. तथापि, एकाच्या जमिनीतील काम दुसऱ्याच्या पाण्यावर वा वाटेवर परिणाम करणार असेल, तर त्या दुसऱ्यास विचारलेच पाहिजे, हे तत्त्व समाजाने मान्य केलेले होते.

इंग्रजी अमलात या तत्त्वाला कायद्याचे रूप आले. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा हा या देशातील पहिला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान भारतात आले होते. होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरचा दोन खंडांचा अहवाल लिहिला. तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. रुंद रस्त्यासाठी जुनी वस्ती सरसकट पाडावी, या तेव्हाच्या सरकारी रिवाजास त्यांचा विरोध होता. आधी गाव पायी फिरून पाहावे, विहिरी, वृक्ष, देवळे व राहती घरे यांची नोंद करावी आणि अपरिहार्य तेवढेच पाडावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. इंदुरात प्रारंभी लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. तेव्हा त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढण्याचे योजिले आणि जे रस्ते सर्वांत स्वच्छ होतील त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले. लोक आपण होऊन झाडू लागले. आराखडा हा रहिवाशांच्या सहभागावाचून निर्जीव असतो, हा त्यातील बोध.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आणि आपल्या राज्यात १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आला. यातील बारकावा प्रत्येक वाचकाने ध्यानी ठेवण्याजोगा आहे. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर किमान ३० दिवसांची मुदत देऊन हरकती मागवाव्यात, असे आपल्या कायद्याचे कलम १८ सांगते. हरकत घेणारी 'कोणतीही व्यक्ती' असू शकते. ती जमिनीची मालक असण्याची आवश्यकता नाही. पुढे योजनेत शासनास फेरबदल करावयाचा असेल, तर कलम २३-क अन्वये दोन दैनिकांत सूचना देऊन हरकती ऐकाव्या लागतात. पण तेथे मुदत पंधरा दिवसांचीच असते. मात्र एखाद्याने स्वतःच्या भूखंडावर परवानगी मागितली, की तो अर्ज सामान्यतः अर्जदार व कार्यालय यांच्यातच राहतो. शेजाऱ्यास कळते ते पायाचे खोदकाम सुरू झाल्यावर. तेव्हा तो कचेरीत धावतो आणि त्यास उत्तर मिळते, की योजनेत हे क्षेत्र निवासीच दाखवलेले आहे. म्हणजे हरकतीची खरी वेळ नकाशा रंगतो तेव्हाची. ती दवडली तर पुढचा मार्ग बहुधा न्यायालयाचाच.

त्या मार्गावरही सामान्य नागरिक यशस्वी झाले आहेत. कर्नाटकातील उडुपी येथे १९७० साली मंगल कार्यालय व व्याख्यानगृहासाठी परवानगी घेण्यात आली आणि मागाहून तेथे चित्रपटगृह करण्यास नगरपरिषदेने संमती दिली. नगररचना योजनेनुसार त्या निवासी भागात चित्रपटगृहास स्थान नव्हते. रामदास शेणॉय या रहिवाशाने दाद मागितली. उच्च न्यायालयास बेकायदेशीरपणा दिसला. परंतु मालकाचा मोठा खर्च झाला आहे, म्हणून ठराव रद्द करण्याचे त्याने टाळले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली हे कारण अमान्य केले. योजना रहिवाशांच्या हितासाठी असते, तिचा भंग झाल्यास त्यांच्या हक्कास बाधा येते आणि झालेला खर्च हे बेकायदा कामाचे समर्थन होऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. पुढे १९९१ साली बंगळूरच्या उद्यानाची जागा खाजगी रुग्णालयास देण्याचा निर्णय टिकला नाही. १९९९ साली लखनौच्या झंडेवाला उद्यानाखाली बांधलेला भुयारी बाजार पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश झाला.

आता आपल्या गावाकडे वळू. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी तापीकडे वाहत असते. ते वाटेतच भुयारात अडवून केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची योजना १६१५ साली जहांगीराच्या कारकिर्दीत झाली. सुभेदार होते अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजेच दोह्यांचे कवी रहीम. आणि आखणी तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाची, असे परंपरेने मानले जाते. भुयाराच्या वाटेवर ठरावीक अंतराने शंभराहून अधिक कुंड्या उभारल्या गेल्या. त्यांतून भुयारात हवा व उजेड जाई आणि गाळ काढण्यासाठी माणूसही उतरे. तेथून पाणी जाळी करंज्यात साठून शहरात जाई. याच जातीची दोन कामे मराठी मुलुखात आहेत: मलिक अंबराच्या काळातील औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची नहर, आणि नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यास आणलेला, उच्छ्वासांचा नळ. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. राज्ये बदलली, पण भुयारातील पाणी वाहतच राहिले.

मार्च २०२४ मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला. आनंदाची वार्ता खरी; परंतु त्या यादीत नाव येणे म्हणजे कायद्याचे संरक्षण मिळणे नव्हे. केंद्र-संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र १९९२ च्या अधिसूचनेने ठरले आणि २०१० च्या सुधारणेने ते अधिक कठोर झाले. भिंत व घुमट असलेल्या वास्तूपासून असे अंतर मोजता येते. भुयाराचे तसे नाही. ते शेताखालून, वस्तीखालून, वाटेखालून जाते आणि सातबारा वा खसऱ्याच्या उताऱ्यात दिसत नाही. त्याला हानी पोचण्यास त्यावर हातोडा पडावा लागत नाही. दोन कुंड्यांच्या मध्ये खोल पाया खणला तर भुयार दुखावते. वरच्या अंगास कूपनलिका वाढल्या तर झिरपा आटतो. मुरण्याची जमीन फरसबंद झाली तर पाणी वरच्यावर वाहून जाते. कुंडीशेजारी शोषखड्डा झाला तर मैला आत उतरतो. यातील प्रत्येक काम करणाऱ्याकडे रीतसर परवानगी असू शकते, आणि तरीही चारशे वर्षांचे पाणी नासू शकते.

घर बांधू नये, असे आमचे म्हणणे नाही. वाढत्या कुटुंबास निवारा हवा, आणि ज्याने आयुष्याची पुंजी घालून भूखंड घेतला त्याच्या दारात आयत्या वेळी हरकतीचा कागद घेऊन उभे राहणे हाही अन्यायच आहे. म्हणूनच हरकत व्यक्तीविरुद्ध नसावी, नकाशातील उणिवेविरुद्ध असावी. आणि ती वेळीच असावी. सेवेत असताना आम्ही पाहिले, की 'गावाचा वारसा नष्ट होत आहे' अशी तळमळीची चार पाने फाइलीत निमूट पडून राहत, आणि खसरा क्रमांक, अंतर, कलम व नेमकी मागणी असलेल्या एका पानास लेखी उत्तर देणे भाग पडे. सुनावणीची इच्छा अर्जातच नमूद करावी, पोच घ्यावी आणि ठरल्या दिवशी स्वतः हजर राहावे.

आपल्या जुन्या घरांत मोडी कागदांचे दप्तर अजून असेल, तर ते वाळवीच्या स्वाधीन करू नये. विहीर, पाट, कुंडी, वहिवाट यांचा त्यात उल्लेख सापडल्यास त्याचे लिप्यंतर करून घ्यावे. कोणती कुंडी कोणत्या खसऱ्यात येते, याची यादी करण्याचे काम आपल्या मंडळास सहज जमेल. दोन तरुण, एक जाणता वृद्ध आणि पटवाऱ्याकडील नकाशाची प्रत एवढे साहित्य त्यास पुरेसे आहे. अशी यादी हाती असली, म्हणजे योजनेच्या पुढील मसुद्यावर ३० दिवसांच्या आत तिचा आधार घेऊन हरकत देता येईल. एरवी दिवसातून दहा वेळा सहज 'हरकत नाही' म्हणणाऱ्या आपल्या समाजाने या एका बाबतीत ते म्हणू नये, एवढीच विनंती.