हिपॅटायटिस बी : रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आता पुढे काय?

गल्फला जाण्यासाठी मेडिकल होते, गरोदरपणात रक्त तपासले जाते, नाहीतर कुणी रक्तदान करतो आणि अचानक कळते, ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’. ना ताप, ना कावीळ, माणूस अगदी ठणठणीत. मग काही जण ‘अनफिट’ शब्द ऐकून खचतात. काही जण रिपोर्ट कपाटात टाकून विसरतात, घरातही सांगत नाहीत. दोन्ही चूक. कारण हा आजार आवाक्यात ठेवता येतो, पण लपवून नाही.

आजार काय आहे?

हिपॅटायटिस बी हा लिव्हरचा विषाणूजन्य आजार आहे. खराब पाण्यातून होते ती कावीळ ए किंवा ई प्रकारची. बी रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. संसर्ग ६ महिन्यांहून जास्त टिकला की त्याला ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकालीन म्हणतात. यात वय महत्त्वाचे. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या १० बाळांपैकी सुमारे ९ बाळांत तो कायम राहतो. मोठ्या माणसांत मात्र १०० पैकी ९५ जणांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांना क्रॉनिक हिपॅटायटिस बी होता आणि त्या वर्षी सुमारे ११ लाख मृत्यू झाले. बहुतेक मृत्यूंचे कारण लिव्हर सिरॉसिस किंवा लिव्हरचा कॅन्सर. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या ‘कुली’ अपघातानंतर दिलेल्या रक्तातून लागण झाली. ती अनेक वर्षांनी कळली, तोवर लिव्हरचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता, असे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. ‘त्रास नाही म्हणजे आजार नाही’ हा समज इथेच धोका देतो.

कसा पसरतो, कसा नाही?

आईकडून बाळाला, पती-पत्नीमध्ये, एकच सुई, वस्तरा, ब्लेड किंवा टूथब्रश वापरल्याने. हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहतो. म्हणून न्हाव्याकडे, हिजामा करताना, खतन्याच्या वेळी ब्लेड नवे आणि साहित्य निर्जंतुक आहे ना, हे विचारायला लाजू नका.

एका ताटात जेवल्याने, मुसाफा केल्याने, गळाभेटीने, खोकल्याने तो पसरत नाही. भाऊ, मुलगा, सून पॉझिटिव्ह आहे म्हणून भांडी वेगळी करण्याची काहीच गरज नाही.

डॉक्टर काय तपासतात?

- एसजीपीटी : लिव्हरला सूज आहे का
- एचबीव्ही डीएनए : रक्तात विषाणू किती आहे
- एचबीईएजी : विषाणू किती जोरात वाढतोय, याचा अंदाज
- सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन : लिव्हर किती कडक झाले आहे

प्रत्येकाला लगेच गोळी लागतेच असे नाही. सिरॉसिस असेल तर औषध लागतेच. इतरांचे डीएनए, एसजीपीटी आणि फायब्रोस्कॅन पाहून ठरते. औषध नसले तरी दर ६ महिन्यांनी तपासणी हवीच. सिरॉसिस किंवा घरात लिव्हर कॅन्सरचा इतिहास असल्यास दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी.

औषध

टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर, रोज एक गोळी. ती विषाणू दाबून ठेवते, सहसा मुळापासून काढत नाही, म्हणून वर्षानुवर्षे घ्यावी लागते. बरे वाटतेय म्हणून मनाने गोळी बंद केली तर आजार जोरात उसळतो, जिवावरही बेतू शकते. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ठरलेल्या सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषध मोफत मिळते. कावीळ उतरवणे, गळ्यात माळ घालणे, अनोळखी जडीबुटी यांत वेळ घालवू नका. काही जडीबुटी लिव्हरलाच इजा करतात. स्टेरॉईड किंवा केमोथेरपी सुरू होण्याआधी डॉक्टरांना हा आजार जरूर सांगा, त्या औषधांनी झोपलेला विषाणू जागा होतो.

घरच्यांसाठी

एक जण पॉझिटिव्ह आला की आई-वडील, भाऊ-बहीण, बीवी, मुले सगळ्यांची तपासणी करा. निगेटिव्ह असलेल्यांना लस द्या : आज, १ महिन्याने आणि ६ महिन्यांनी. निकाहला हा आजार अडथळा नाही, मात्र आधी सांगणे आणि जोडीदाराला लस देणे हा त्याचा हक्क आहे.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मताच, २४ तासांच्या आत लस, सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन. म्हणून बाळंतपण दवाखान्यातच करा. आईच्या रक्तात विषाणू जास्त असेल तर गरोदरपणातच टेनोफोव्हिर देतात. अंगावर पाजायला हरकत नाही.

रोजे

लिव्हर चांगले असेल तर बहुतेकांना डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे ठेवता येतात. टेनोफोव्हिर इफ्तारनंतर घेता येते. एन्टेकॅव्हिर रिकाम्या पोटी लागते : जेवणानंतर २ तासांनी, आणि पुढचे २ तास काही खायचे नाही. सिरॉसिस असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहे.

रिपोर्ट कपाटात असेल तर आजच बाहेर काढा आणि घरच्यांना घेऊन दवाखान्यात जा.