काचेच्या पेटीतील समुद्र

भाईंदरच्या पूर्वेस केबिन रोड नावाचा जो गजबजलेला रस्ता आहे, त्यावरील एका इमारतीत आमचे बिऱ्हाड आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा कोळ्यांचा किनारा, आणि एके काळी भोवती दूरवर पसरलेली मिठागरे. असा हा गाव खाऱ्या पाण्याच्या सोबतीने वाढलेला. तेव्हा माझ्या नातवाने घरात खाऱ्या पाण्यातील मासे पाळण्याचा हट्ट धरला, यात नवल काहीच नव्हते. तीन फूट लांबीची काचेची पेटी आली, तळाशी प्रवाळाची वाळू पसरली, कोपऱ्यात पाणी गाळण्याचे लहानसे यंत्र बसले, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन व निळ्या रंगाचे चार असे सहा मासे त्यात सुखाने विहरू लागले. आठ महिने सारे सुरळीत चालले.

पुढे एके दिवशी सकाळी एक निळा मासा तळाशी मरून पडलेला आढळला. दोन दिवसांनी दुसरा गेला. नऊ दिवसांत सहांपैकी पाच मासे दगावले. पाणी पाहावे तर स्फटिकासारखे निर्मळ! अस्वच्छतेचा दोष द्यावा, तर त्याच्या आदल्याच रविवारी माझ्या देखरेखीखाली आम्ही सारी पेटी साफ केली होती. यंत्रातील मळकट तपकिरी स्पंज नळाखाली धरून, पिळून, उन्हात वाळविला होता. तळाची वाळूही काढून उकळून घेतली होती. चाळीस मुलांच्या वर्गात ज्याने जन्मभर स्वच्छतेचे धडे दिले, त्याच्या घरी घाण कोठून असणार?

मृत्यूचे कारण सापडले नाही म्हणजे मनुष्य प्रथम दुसऱ्या मनुष्याकडे बोट दाखवितो. कोणी मासे विकणाऱ्याला दोष दिला, कोणी शेजारणीच्या दृष्टीला. मी मात्र स्वतःस विचारी समजत असल्यामुळे अधिक सयुक्तिक कारण शोधले. घरी फरशी पुसावयास येणारी बाई पाण्यात फिनेल घालीत असे. तिचेच हात पेटीस लागले असावेत, असे मी ठरवून टाकले आणि तिला चार शब्द कठोरपणे बोललो. ती एवढेच म्हणाली, "मास्तर, मी फडकं फरशीला लावते, पेटीला नाही." दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही.

नातवाचे मात्र समाधान झाले नाही. "आजोबा, पण नक्की कशानं मेले?" हा त्याचा प्रश्न राहिलाच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी या छंदाचा इतिहास वाचावयास घेतला. त्यात मला जे सापडले, तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

काचेच्या भांड्यात समुद्रातील जीव जगविण्याची कल्पना फार जुनी नाही. १८३२ च्या सुमारास सिसिली बेटावर झान व्हिलप्रो-पॉवर या विदुषीने समुद्रातील जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या पेट्या करविल्या. १८४६ साली अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरील प्रवाळजातीचे जीव लंडनमध्ये आपल्या घरी आणले. समुद्र दूर, पाणी थोडे. तेव्हा त्यांनी असा उपाय योजिला की, घरातील मोलकरणीने उघड्या खिडकीशी उभे राहून ते पाणी रोज अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत राहावे. पाण्यात हवा मिसळे आणि जीव तग धरून राहत. या शास्त्राच्या आरंभी अशी एक मोलकरीण उभी आहे. हे वाचताना मजला आमच्या घरची बाई आठवली आणि मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेविले.

माशांस प्राणवायू लागतो, ही या कोड्याची पहिली कडी होय. अठराव्या शतकात प्रीस्टली याने वनस्पती दूषित हवा पुन्हा शुद्ध करतात असे दाखविले, व १७७९ मध्ये इंगेनहाउझ याने त्या कार्यास सूर्यप्रकाश लागतो हे सिद्ध केले. या ज्ञानाचा उपयोग लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी केला. त्यांनी एका भांड्यात दोन लहान सोनेरी मासे व एक पाणवनस्पती ठेविली. वनस्पती प्राणवायू देई; परंतु तिची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. मग त्यांनी कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई सोडल्या आणि पाणी निवळले. १८५० साली त्यांनी हा प्रयोग विद्वानांपुढे मांडला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा समतोल साधला म्हणजे पाणी बदलण्याचे कारण नाही, असा लोकांचा समज झाला.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला आणि इंग्लंडात घरोघरी पेट्या दिसू लागल्या. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉस यांनी त्याच वर्षी कृत्रिम समुद्रजलाची कृतीही प्रसिद्ध केली. तीत साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचे क्षार मापून घातले होते.

येथे भाईंदरकरांस एक गोष्ट सहज समजेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी तीन चतुर्थांशाहून थोडे अधिक तेवढे आपले खाण्याचे मीठ. मिठागरात पाणी आटत गेले म्हणजे हे मीठ आधी खाली बसते आणि मॅग्नेशियमचे क्षार असलेले कडवट पाणी मागे उरते. ते सोडून देतात. म्हणजे मिठागरातून निघालेले मीठ हा समुद्राचा एक भाग होय, सारा समुद्र नव्हे. ते पुन्हा गोड्या पाण्यात विरघळविले म्हणून समुद्र परत होत नाही. त्याचप्रमाणे खाडीचे पाणी पावसाळ्यात पातळ होते. ते भरून आणणाराही फसतो.

असो. इंग्लंडातील ती हौस फार काळ टिकली नाही. लोकांनी लहान पेट्यांत पुष्कळ जीव कोंबले, आणि समतोलाचा सिद्धांत पाठ असूनही जीव मेले. तेव्हा विल्यम लॉइड नावाच्या अनुभवी गृहस्थाने निराळा मार्ग धरला. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे उघडलेल्या मत्स्यालयात त्याने दर्शनी पेट्यांपेक्षा कितीतरी अधिक पाणी तळघरातील अंधाऱ्या टाक्यांत साठविले आणि पंपाने ते रात्रंदिवस फिरते ठेविले. पाणी बदलावे लागत नसे, तरीही ते नासत नसे. असे का होते, हे मात्र त्या काळी उलगडलेले नव्हते.

आपल्या मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. शाळेच्या सहलीत मुलांस घेऊन मी तेथे कित्येकदा गेलो. मुलांस मी माशांची नावे विचारली, देश विचारले. परंतु इतक्या माशांची विष्ठा व उरलेले अन्न कोठे जाते, हा प्रश्न त्यांना विचारला नाही आणि मलाही तो कधी सुचला नाही. कोड्याची दुसरी कडी नेमकी येथेच होती.

माशाच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया बाहेर पडतो. तो पाण्यात विरघळतो, दिसत नाही, पाण्याचा रंगही पालटत नाही. पण माशास तो विषच होय. शिवाय समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असल्याने गोड्या पाण्यापेक्षा त्यात या विषाचा जहाल अंश बहुधा अधिक असतो, आणि उष्णतेने तो आणखी वाढतो. मग समुद्रातील व मत्स्यालयातील मासे जगतात कसे?

याचे उत्तर मत्स्यालयात सापडले नाही, ते सांडपाण्यात सापडले. १८७७ मध्ये श्लोझिंग व म्युन्त्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. वीस दिवस काहीच घडले नाही. त्यानंतर अमोनिया नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. ते कार्य तत्काळ थांबले. वाळूने हे काम केले असते, तर क्लोरोफॉर्मने ती थोडीच थांबणार! यावरून वाळूवर वस्ती करणारे सूक्ष्म जीव हे काम करतात, हे सिद्ध झाले. पुढे इंग्लंडातील रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेत असे आढळले की, हे काम दोन टप्प्यांत होते: एका जातीचे जीव अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट. १८९० च्या सुमारास विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीव वेगळे करून दाखविले.

श्रोतेहो, रॉथमस्टेड येथे हे काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच होते. दोन सोनेरी मासे पाळणाऱ्या त्या वॉरिंग्टनांचा हा मुलगा! बापाने मासा, वनस्पती व गोगलगाय यांचा मेळ घातला. त्या मेळातील जो चौथा, अदृश्य भागीदार बापास ठाऊक नव्हता, त्याचे काम मुलाने शेतातील मातीच्या अभ्यासात उलगडले.

एवढे वाचून होताच मी उठून पेटीपाशी गेलो. नातवाने बाजारातून अमोनिया ओळखण्याची बाटली आणली. पेटीतील पाण्यात थेंब टाकताच ते हिरवे झाले. आता संशयास जागा उरली नाही. तो मळकट तपकिरी स्पंज आणि तळाची ती वाळू हीच त्या सूक्ष्म जीवांची घरे होती. आठ महिन्यांत वसलेली वस्ती मी एका सकाळी क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्याने, उन्हाने आणि उकळत्या पाण्याने नष्ट केली होती. फिनेल निर्दोष होते. मासे मारले ते माझ्या स्वच्छतेने.

ज्यांच्या घरी अशी पेटी असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. सारे मासे एकाच रात्री, विशेषतः वीज गेल्यानंतर मेले, तर प्रथम प्राणवायूच्या कमतरतेचा संशय घ्यावा. खाऱ्या व ऊन पाण्यात तो मुळातच कमी मावतो. एकामागून एक असे काही दिवसांत गेले, तर अमोनिया व नायट्राइट तपासावे. अंगावर ठिपके किंवा साय दिसली, तर रोग समजावा. मासे बरे असून कोळंबी व गोगलगाईच मेल्या, तर पाण्यात तांबे उतरले काय ते पाहावे. माशांच्या कित्येक औषधांतही ते असते. स्पंज धुवावयाचा तो पेटीतूनच काढलेल्या पाण्यात, आणि एका वेळी सर्व काही धुवू नये. नवीन पेटीत घाईने मासे सोडू नयेत. वस्ती बसावयास काही आठवडे लागतात. श्लोझिंगच्या नळीनेही वीस दिवस घेतले होते.

उरली माझी गोष्ट. पत्ता शोधून मी त्या बाईच्या घरी गेलो आणि दोष माझा होता असे तिच्या मुलांसमक्ष सांगितले. ती म्हणाली, "मास्तर, तेव्हा माझं ऐकायला हवं होतं." तोवर तिने दुसऱ्या घरचे काम धरले होते, ती परत आली नाही, आणि तिने यावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नव्हता. पेटीत एक नारिंगी मासा अद्याप आहे. नातू आठवड्यातून एकदा थेंब टाकून पाणी पाहतो, आणि स्पंजाला हात लावण्याची मला बंदी आहे.

पाणी निर्मळ दिसते म्हणून ते निर्दोष ठरत नाही, आणि हातात फडके दिसते म्हणून मनुष्य दोषी ठरत नाही. जन्मभर मुलांस शिकविल्यानंतर हा धडा मजला एका काचेच्या पेटीने दिला. तो आपणांस सांगितला; आता आपली रजा घेतो.